लाल पोट दिसेपर्यंत: सुतार पक्ष्यांच्या फीडरच्या नोंदी

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३

ओहायोत, कोलंबसच्या बाहेर आमचं घर आहे. मागच्या अंगणात दोन जुने मेपल, कुंपणापलीकडे ओढा आणि थोडी झाडी. आई गेल्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे सुतार आहे की रे! ऐकू येतोय." अख्खा हिवाळा तिला घरात काढायचाय. तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो तिला नीट दिसेल अशी सोय करायची, हे त्याच दिवशी ठरवलं.

आज फीडर, म्हणजे पक्ष्यांना खाणं ठेवायचं साधन, लावायला सुरुवात केली. तारेचा छोटा पिंजरा ७ डॉलरला आणला. त्यात बसणाऱ्या चरबीच्या दोन वड्या, ४ डॉलर. आईने पाकीट हातात घेऊन विचारलं, "यात काय असतं?" इथे सुतारांना घालतात ते स्यूट म्हणजे गुरांची चरबी. ती काही बोलली नाही, पाकीट ओट्यावरून उचलून दाराबाहेर ठेवलं. मलाही ते घरात नकोच होतं. वड्या शेजाऱ्यांना दिल्या.

त्याऐवजी जमवलेलं मिश्रण असं: एक कप व्हेजिटेबल शॉर्टनिंग, एक कप बिनमिठाचं पीनट बटर, तीन कप मक्याचं भरड पीठ, अर्धा कप कणीक. शॉर्टनिंग आणि पीनट बटर मंद आचेवर पातळ करायचं, खाली उतरवून पिठं मिसळायची, ट्रेमध्ये थापून फ्रीजमध्ये ठेवायचं. शॉर्टनिंगचा डबा उघडल्यावर आई म्हणाली, "हा तर डालडा." बरोबरच आहे. वड्या वडीसारख्याच कापल्या आणि पिंजरा मेपलच्या फांदीला टांगला.

शनिवार, ४ नोव्हेंबर

पिंजरा गेला. रात्रीत आकडा काढून कोणीतरी ओढ्याकडे ओढत नेला. चिखलात पाच बोटांचे ठसे होते, लहान मुलाच्या पंज्यासारखे. म्हणजे रॅकून, रात्री हिंडणारा इथला एक प्राणी. तास दीड तास शोधूनही सापडला नाही.

दोन गोष्टी लक्षात आल्या. उघडा आकडा चालत नाही, स्प्रिंगची कडी हवी. आणि सुतार रात्री येतच नाहीत, ते आपापल्या ढोलीत झोपतात. मग संध्याकाळी खाणं आत घ्यायला काय हरकत आहे? आजपासून अंधार पडायच्या आत फीडर आत घेणं हे लेकीचं काम.

आठवडाभरात पिंजऱ्यावर एकच छोटा काळा-पांढरा सुतार आला. त्याहून मोठा एक दोनदा आला आणि लगेच उडाला. फांदी बारीक होती, पिंजरा गोल फिरायचा. सुताराच्या शेपटीची पिसं ताठ असतात. खोडाला नख्या रोवून तो शेपटीचा टेकू घेतो, जणू तिपाईचा तिसरा पाय. लोंबत्या पिंजऱ्यावर शेपूट टेकवायला जागाच नव्हती. छोट्याचं भागतं, मोठ्याचं नाही.

याच आठवड्यात प्रोजेक्ट फीडरवॉचमध्ये नाव नोंदवलं, १८ डॉलर. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात लोक आपल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवतात. शनिवार-रविवार आमच्याकडून.

रविवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. फीडरचं काम अर्धंच. काल गराजमधल्या उरलेल्या लाकडाची फळी कापली, भोकंही पाडली, आणि मग कडेचा हिरवट रंग दिसला. ते किडीपासून टिकावं म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड होतं, डेकचं उरलेलं. पक्षी ज्यावर चोच मारणार, तिथे ते नको. तीन तास फुकट गेले.

रविवार, १९ नोव्हेंबर

कुंपणासाठी विकतात ती सीडरची फळी आणली, ५ डॉलर. सीडर तसंच ठेवलं तरी पावसात बरीच वर्षं टिकतं. साडेपाच इंच रुंद, १६ इंच लांब तुकडा. वरच्या भागात अर्ध्या इंचाच्या जाळीचा खिसा, वडीपुरता. खाली ९ इंच फळी मोकळी ठेवली, शेपटीसाठी.

आणि मग मी तिला व्हार्निश मारलं. दिसायला सुंदर झाली. दुपारी छोटा सुतार आला, फळीवर उतरला आणि घसरत खाली आला. पुन्हा वर उडाला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा जाळीलाच लटकला. शेपटीसाठी एवढी जागा ठेवली ती वाया. आई म्हणाली, "त्याला फरशीवर चढायला लावलंयस."

रविवार, २६ नोव्हेंबर

व्हार्निश घासून काढण्यात एक संध्याकाळ गेली, पूर्ण निघालं नाही. ती फळी बाजूला ठेवून दुसरी कापली, आणखी ५ डॉलर. या वेळी काही लावलं नाही. करवतीने आडव्या खाचा पाडल्या, साधारण दोन मिलिमीटर खोल. खाचा कुठे पाडायच्या याचा विचार करताना सुचलं, बरोबर एक-एक इंचावर पाडल्या तर तीच मोजपट्टी होईल. पक्षी फळीला चिकटून बसला की फोटोत खाचा मोजायच्या.

दहा मिनिटांत सुतार आला. नख्या खाचेत, शेपूट फळीवर, मान मागे घेऊन ठोका. घसरला नाही. या सबंध कामातला सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात उपयोगाचाही.

फीडर आता मेपलवर नाही. लोखंडी खांब २८ डॉलर, त्यावर खारींना वर चढू न देणारं पत्र्याचं नळकांडं २४ डॉलर. घरापासून साधारण १२ फूट. या १२ फुटांबद्दल पुढे लिहावं लागणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

रविवार, १० डिसेंबर

नावांचा गुंता आता खरा सुरू झाला.

आमच्याकडे काळे-पांढरे दोन जातींचे सुतार येतात. पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, पंखांवर पांढरे ठिपके, नराच्या डोक्यामागे लाल टिकली. दोघेही तसेच. एकाचं नाव डाउनी, दुसऱ्याचं हेअरी. आईला अर्थ सांगितला, एक लव असलेला आणि दुसरा केसाळ. तिने चष्मा पुसून दहा मिनिटं बघितलं. "कुठेत केस?" दुर्बीण दिली. तरी नाहीत. मलाही कधी दिसले नाहीत.

नावं जुनी आहेत. अठराव्या शतकात मार्क केट्सबी हा इंग्रज निसर्गअभ्यासक कॅरोलिनात येऊन पक्ष्यांची चित्रं काढत होता. मोठ्याला त्याने केसाळ म्हटलं, कारण पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यातली पिसं त्याला केसांसारखी सुटी, लांबट दिसली. पुढे १७६६ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने लॅटिन नावं दिली तीही त्याच वळणाची: लहान तो प्युबेसेन्स म्हणजे मऊ लव असलेला, मोठा तो व्हिलोसस म्हणजे दाट केसांचा. पक्षी हातात धरून, पिसं बोटांनी सारून दिलेली ही नावं आहेत. बारा फुटांवरच्या खिडकीतून त्यांचा काही उपयोग नाही.

मग उपयोग कशाचा? आधी मी लांबीवर भिस्त ठेवली. डाउनी १४ ते १७ सेंटिमीटर, चिमणीएवढा. हेअरी १८ ते २६, साळुंकीच्या जवळपास. एवढा फरक तर खाचांवर सहज कळेल, असं वाटलं. पंधरा दिवसांचे फोटो मोजले आणि निम्मे पक्षी अधलेमधलेच निघाले. चूक अशी होती: खिडकी उंच आणि फळी खाली, त्यामुळे फोटो वरून तिरका येतो. शिवाय सुतार मान मागे टाकून बसतो. फळी आणि पक्षी यांच्यात दोन इंच अंतर पडलं की खाचांचं माप खोटं. आता फोन तिपाईवर फळीच्या उंचीला लावतो आणि दोन्ही पाय, शेपूट आणि डोकं फळीजवळ असलेलाच फोटो धरतो. दहातला एखादा मिळतो.

पण मोजपट्टीपेक्षा चोच बरी. डाउनीची चोच डोक्याच्या एक तृतीयांश, टोचणीसारखी. हेअरीची जवळजवळ डोक्याएवढीच, छिन्नीसारखी. चोच उलटी वळवून डोक्यावर ठेवली तर मागच्या टोकापर्यंत पोचेल का, असं मनात म्हणायचं. पोचली तर हेअरी. शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसली तर आणखी खात्री: डाउनीच्या तिथे काळे ठिपके असतात, हेअरीची बहुधा कोरी.

आईने नावांचा प्रश्न आपल्यापुरता मिटवला. "हा धाकटा सुतार, तो थोरला." लेकही आता तेच म्हणते. गंमत म्हणजे डीएनएच्या अभ्यासात हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक नाहीत असं दिसलंय. रूप सारखं, घराणी वेगळी. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "असू दे. चुलत असतील."

रविवार, १७ डिसेंबर

फीडरवॉचच्या नोंदी चुकल्या होत्या, दोन प्रकारे.

पहिली चूक मोजण्याची. एकच धाकटा दिवसात अकरा वेळा आला तर मी अकरा लिहीत होतो. नियम असा की एका वेळी एकत्र जास्तीत जास्त किती दिसले, तो आकडा लिहायचा. म्हणजे एक.

दुसरी चूक नावाची. नोव्हेंबरपासून एक तिसरा सुतार येतोय, साळुंकीएवढा, पाठीवर काळे-पांढरे आडवे पट्टे, कपाळापासून मानेपर्यंत झगझगीत लाल. डोकं लाल, म्हणून मी रेड-हेडेड लिहीत गेलो. तेरा नोंदी. काल लेकीने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि पान माझ्यासमोर धरलं, "बाबा, हा आपला नाही." खऱ्या रेड-हेडेडचं सगळं डोकं, गळ्यापर्यंत, शेंदरात बुडवून काढल्यासारखं लाल. पाठ काळी, पंखांवर मोठे पांढरे चौकोन, पोट पांढरं. पट्टे नाहीतच.

मग आपला कोण? रेड-बेलीड. म्हणजे लाल पोटाचा.

तिघांनी पाळीपाळीने दुर्बिणीतून बघितलं. पोट कुठेही लाल नाही. छाती मळकट बदामी. आई म्हणाली, "ज्याने नाव ठेवलं त्याने उलटा धरला असेल." तिने त्याला फेटेवाला म्हणायला सुरुवात केली. मादीचा फेटा अर्धा, मानेवर लाल आणि माथा करडा. तेरा नोंदी दुरुस्त केल्या.

अलीकडेच, १ नोव्हेंबरला, अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी या पक्षीअभ्यासकांच्या संस्थेने जाहीर केलंय की माणसांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायची. सुतारांत लुइस आणि नटॉल यांच्या नावाचे आहेत, ते त्यात येतात. लाल पोटाच्याला त्यातून काही दिलासा नाही, त्याचं नाव माणसाचं नाही. रेड-हेडेड आणि रेड-बेलीड या दोघांची लॅटिन नावं लिनियसने १७५८ सालीच दिली. एकाचा अर्थ लाल डोक्याचा, दुसऱ्याचा कॅरोलिनाचा. लॅटिनमध्ये पोटाचा उल्लेखच नाही.

रविवार, ७ जानेवारी २०२४

ही नोंद लिहायला जड जातंय.

सकाळी सव्वानऊला खिडकीवर धप्प आवाज झाला. धाकटी होती, मादी, डोक्यामागे लाल टिकली नसलेली. ससाणा ओढ्यावरून गेला तसे सगळे पक्षी एकदम उडाले आणि ही काचेकडे आली. काचेत मेपल दिसत होता. आम्ही तिला खोक्यात मऊ कापडावर ठेवलं, झाकण लावून गराजमध्ये शांत जागी. काही पक्षी तासाभरात सावरतात. ही सावरली नाही.

दोष फीडरच्या जागेचा, म्हणजे माझा. खिडकीपासून १२ फूट हे धोक्याचं अंतर आहे. तेवढ्यात पक्ष्याला पूर्ण वेग घेता येतो. फीडर एकतर काचेपासून ३ फुटांच्या आत हवा, म्हणजे आपटला तरी जोर नसतो, नाहीतर ३० फुटांच्या पुढे. हे मला खांब रोवायच्या आधी बघता आलं असतं.

पुरण्याआधी हातमोजे घालून मी तिला तळहातावर घेतलं. वजन जाणवतच नाही. डाउनी जेमतेम २५ ग्रॅमची असते. पाठीवरचा पांढरा पट्टा अंगठ्याने हळूच सारला. ती पिसं इतर पिसांसारखी एकसंध नव्हती, सुटी सुटी होती, फुंकरीने हलणारी, तान्ह्या बाळाच्या जावळासारखी. दीड महिना दुर्बिणीतून जे दिसलं नाही ते असं दिसलं. नाव ठेवणाऱ्यांच्या हातातही पक्षी असाच असणार.

लेकीला एक पीस ठेवायचं होतं. तिला नाही म्हणावं लागलं. १९१८च्या कायद्याने इथे अशा पक्ष्यांचं पीससुद्धा बाळगता येत नाही. आईने मेपलखाली खड्डा केला. जमीन गोठलेली, खुरप्याने अर्धा तास लागला.

रविवार, १४ जानेवारी

खांब काढून खिडकीपासून अडीच फुटांवर रोवला. काचेवर बाहेरून चिकटवायचे ठिपके, १६ डॉलर. ठिपक्यांमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही आणि ते बाहेरच्या बाजूनेच लावायचे, आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं. एक-दोन मोठी चित्रं चिकटवून भागत नाही, पक्षी उरलेल्या मोकळ्या काचेकडे जातो. हात बधिर होत होते म्हणून काम दोन दिवस चाललं.

चार दिवस एकही सुतार आला नाही. पाचव्या दिवशी थोरला आला.

रविवार, २८ जानेवारी

खिडकीजवळ आणल्याचा तोटा: नळकांडं खारींना अडवतं, पण चौकटीवरून अडीच फूट उडी मारायला खारीला काहीच लागत नाही. वडी दिवसात संपायला लागली.

आईने उपाय सांगितला, तिखट. पक्ष्यांना तिखटाचा झोंबरेपणा जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. मिरची पक्ष्यांना चालते आणि खारींना नाही, ते यामुळेच. मी घाईत वडीवर वरून तिखट भुरभुरलं. वारा आला आणि सगळं लेकीच्या डोळ्यांत गेलं. अर्धा तास डोळे धूत बसलो. वरून कधीही टाकू नका. स्निग्ध पदार्थ पातळ असतानाच त्यात कालवा, ट्रेला दोन मोठे चमचे. आता खार येते, एक घास घेते, तोंड घासते आणि जाते. दोन खारी तरीही खातात. पण पूर्वीच्या पावपट.

शनिवार, १७ फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे, म्हणजे लोकांनी मिळून पक्षी मोजण्याचे, चार दिवस चालू आहेत, कालपासून सोमवारपर्यंत. पंधरा मिनिटांत धाकटे दोन, थोरला एक, फेटेवाली एक. आणि स्टार्लिंग चोवीस.

स्टार्लिंग हा आपल्या साळुंकीच्याच कुळातला. १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठएक पक्षी सोडले होते, आता देशभर आहेत. टोळीने येतात, वडी वीस मिनिटांत संपवतात आणि वसंतात सुतारांनी कोरलेल्या ढोल्याही बळकावतात. फेटेवाल्याला याचा विशेष त्रास. तिखटाचा त्यांच्यावर काही परिणाम नाही, तेही पक्षीच.

रविवार, ३ मार्च

उलटा फीडर. सुताराला खालून लटकून खाता येतं, स्टार्लिंगला ते फार वेळ जमत नाही. उरलेल्या सीडरचं सात इंच चौरस खोकं केलं, वर बिजागरीचं झाकण, खाली तळाऐवजी जाळी. वडी जाळीवर आडवी ठेवायची. खाणं फक्त खालून.

पहिली चूक, जाळी आतून लावली होती, बारीक खिळे वडीच्या वजनाने निघाले. बाहेरून पट्टी ठोकून स्क्रूने बसवली. दुसरी, मी जुनी फळी एकदम काढली आणि उलटं खोकं टांगलं. सुतार वर झाकणावर येऊन बसायचे, वाकून बघायचे, जायचे. तीन दिवस कोणीच खाल्लं नाही. मग खोकं एका बाजूने ४५ अंशांत तिरकं टांगलं. धाकटा दुसऱ्याच दिवशी शिकला. दर दोन दिवसांनी दोरी थोडी सैल करत गेलो.

रविवार, १७ मार्च

खोकं आता पूर्ण आडवं. स्टार्लिंग फडफडत एखादा तुकडा तोडतात, पण टोळी राहिली नाही. आणि आज ते दिसलं.

सकाळी फेटेवाला आला. अंगाने मोठा, त्याला धाकट्यासारखं जाळीला पूर्ण चिकटून उलटं होता येत नाही. त्याने खोक्याची पलीकडची कड पकडली आणि खाली लोंबकळला. पाय ताणलेले, शेपूट खाली, पाठ बाहेरच्या झाडांकडे आणि पोट सरळ खिडकीकडे. खोकं वर, खाली मध्ये काहीच नाही. आई तिच्या खुर्चीत, काच आणि तो मिळून चार फुटांवर. तिचा कप अर्ध्यावर थांबला.

"आहे रे. लाल आहे."

दोन पायांच्या मध्ये, पोटाच्या अगदी खालच्या भागात, लालसर डाग. फेट्याचा झगझगीत लाल नव्हे, कुंकवाचा हात पांढऱ्या भिंतीला पुसला जावा तसा फिकट, कडा नसलेला. तो मान वर घेऊन जीभ जाळीतून आत घालत होता, दर वेळी पोट थोडं हलायचं आणि डाग पिसांत लपायचा, पुन्हा दिसायचा. दीड मिनिट.

साडेतीन महिने हा डाग आमच्यापासून लपवला होता तो माझ्याच फळीने. सुतार खोडावर असतो तेव्हा पोट खोडाला चिकटलेलं. मी त्याला टेकू दिला आणि त्याच्या नावावर फळी लावून बसलो. केट्सबीनेही याला लाल पोटाचाच म्हटलं होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं.

कोणाला हाच डाग बघायचा असेल तर: उलटं खोकं, बसल्यावरच्या डोळ्यांच्या उंचीला, खिडकीपासून अडीच फूट. शेपटीची फळी लावू नका.

रविवार, १४ एप्रिल

थोडक्यात. मेपलच्या खोडावर बारीक भोकांच्या सरळ आडव्या ओळी दिसल्या. मी कीड समजून झाडाच्या डॉक्टरला फोन करणार होतो. ते यलो-बेलीड सॅपसकरचं काम, वाटेवरचा पाहुणा. भोकं पाडतो, रस झिरपला की परत येऊन ब्रशसारख्या जिभेने चाटतो. नावात शोषणं आहे, प्रत्यक्षात चाटणं. पोटाचा पिवळेपणाही शोधावाच लागतो. झाडाला सहसा धोका नाही, काही करू नका.

हिरवळीवर फ्लिकर आला होता, जमिनीवर मुंग्या खाणारा सुतार. उडाला की पंखांखाली हळदीसारखा पिवळा.

आई शनिवारी निघतेय.

रविवार, २ जून

उकाडा. मिश्रण वितळून जाळीतून गळलं आणि धाकट्याच्या छातीची पिसं चिकट झालेली दिसली. असं तूप पिसांना लागलं की त्यांचं पाणी अडवणं जातं. सगळं त्याच क्षणी काढलं. मे महिन्याच्या मध्यालाच थांबवायला हवं होतं. आता त्याच जाळीच्या खिशात नुसते बिनमिठाचे शेंगदाणे, सोललेले. जाळी आणि खोकं एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवलं. हे हिवाळ्यातही दर दोन आठवड्यांनी करायचं असतं, मी चार वेळाच केलं.

रविवार, १६ जून

एक नवा पक्षी. धाकट्याएवढा, पण लाल रंग डोक्यामागे नाही, माथ्यावर पुढे. मी तासभर पुस्तकं चाळली. नवी जात नव्हती. डाउनीचंच पिल्लू. पिल्लांचा, विशेषतः नरांचा, माथा लाल असतो, पुढे पिसं गळून डोक्यामागे टिकली येते. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "चोच बघ की. धाकट्याचंच पोर आहे." लाल कुठे आहे हे बघत बसलो, चोच बघायची विसरलो.

रविवार, ३० जून

हिशेब. पिंजरा ७, चरबीच्या वड्या ४, सीडरच्या दोन फळ्या १०, जाळी ११, स्क्रू आणि बिजागऱ्या ९, खांब २८, नळकांडं २४, ठिपके १६, नोंदणी १८. एकूण १२७ डॉलर. आठ महिन्यांचं खाणं ९६ डॉलर. त्यातले पिंजरा, वड्या आणि व्हार्निश मारलेली फळी असे १६ डॉलर सरळ वाया. पहिल्यांदाच जागा नीट निवडली असती तर खांब दोनदा रोवावा लागला नसता, आणि ती धाकटी असती.

कॉलवर आईने विचारलं, आपल्याकडच्या सुतारांचीही अशीच नावं आहेत का. तिला मराठा सुताराबद्दल सांगितलं. माथा पिवळसर, नराच्या डोक्यामागे लाल, पाठीवर काळे-पांढरे ठिपके. १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांचा मुलूख घातला तो आजही आहे, इंग्रजीत मात्र आता पिवळ्या माथ्याचा म्हणतात. आणि त्याच्याही पोटावर लाल डाग असतो.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की परसातल्या शेवग्यावर सकाळी एक येतो, ठिपक्यांचा. माथा नीट बघितलाय, पिवळाच आहे. पोट अजून दिसलेलं नाही, खोडाला चिकटून असतो. खोक्याची मापं तिने लिहून घेतली.